साथ कुणाला केली?

मा. संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार. मी ग्वाल्हेरचा, इथल्या लष्कर भागात राहतो, तीस-बत्तीस वर्षं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान चालवलं, आता बंद आहे, म्हणजे शटर बंद आहे, लोक अजूनही घरी काही ना काही घेऊन येतातच. पूर्वी आपला पेपर इथं दुसऱ्या दिवशी यायचा, आता मोबाईलवर सकाळच्या चहालाच वाचून होतो. पत्र पहिल्यांदाच लिहितोय आणि नेमकं तक्रारीचं लिहितोय, पण तक्रार एकाच शब्दाची आहे. भाषा इकडची आहे, हिंदी मिसळलेली, ती तुमच्या टेबलावर सुधारून घ्या.

महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांच्या बातम्या तुम्ही छापता ते चांगलंच करता, नाहीतर आम्हाला कोण विचारतं. परवा आमच्याकडच्या गणपतीतल्या कार्यक्रमाची बातमी आली, सहा ओळींची. शेवटी असं होतं की भावगीतं रंगली आणि त्यांना माझ्या पुतणीनी गिटारची साथ केली. (तिचं नाव इथं लिहीत नाही, तिनीच दटावलंय.) तर साहेब, साथ कुणाला? भावगीतं म्हणणाऱ्या बाई साडेआठला गाऊन, प्रसाद घेऊन घरी गेल्या. ही पोरगी सव्वानवाला एकटी स्टेजवर चढली, एकटीनं वाजवलं आणि एकटी उतरली. तेव्हा तिथं गाणारं माणूसच नव्हतं.

वार्ताहराला बोल लावत नाही, त्याला जसं कळवलं तसं त्यानी लिहिलं असणार. कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी हाच विषय होता. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, गाणं कोण म्हणणार? कुणीच नाही म्हटल्यावर, मग मागे ट्रॅक लाव म्हणजे लोक गुणगुणतील. तेही नाही म्हटल्यावर, बरं मग दोन मिनिटांत आटप. शेवटी पाच मिनिटं मिळाली. आणि त्या पाच मिनिटांत काय झालं ते ऐका. ती अगदी संथ, हळू जागा वाजवत होती आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी साऊंडवाल्याला खूण केली की गाणारीचा माईक बंद दिसतोय. तो पोरगा बिचारा वाकून वाकून स्टेजवर आला आणि माईकवर बोटानी ठक ठक करून, हॅलो हॅलो म्हणून खाली गेला. पोरीनी मान वर केली नाही. मी असतो तर गिटार ठेवून उतरलो असतो.

पण मला आजोबांवर हसता येत नाही कारण हाच प्रकार मी स्वतः केलेला आहे. 1986 ची गोष्ट. इंजिनीअरिंगचा एक मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन दुकानात आला, कॅसेट गुंडाळते म्हणून. टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर बदलला, चेक करायला त्याचीच कॅसेट लावली. कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेलं, वर पेनानी इंग्रजीत नाव लिहिलेलं. ड्रम चालू, बास चालू, कीबोर्ड चालू, गिटार तर सगळ्यांच्या पुढे, फक्त गाणारा नाही. म्हणलं आता येईल मग येईल. मधेच एका ठिकाणी कुणीतरी नाकात बोलल्यासारखे अर्धवट शब्द ऐकू आले आणि माझी खात्रीच पटली की एक चॅनल गेलंय, गायकाचा आवाज पाझरून तेवढाच येतोय. हेड स्पिरिटनी पुसलं, बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा कोन जुळवला, पुन्हा लावलं, तेच. अर्धा तास घातला. संध्याकाळी तो मुलगा आला तेव्हा त्याला म्हणलं, तुझी कॅसेट खराब भरलीये, गाणं आलंच नाही. तो हसायलाच लागला. अंकल, ह्यात गाणं नाहीच आहे.

ती कॅसेट म्हणजे जेफ बेक ह्या इंग्रज गिटारवाल्याचा 1975 सालचा 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम. आणि ते नाकातले शब्द गायकाचे नव्हतेच, गिटारचेच होते. टॉक बॉक्स म्हणून एक चीज असते, गिटारचा आवाज एका छोट्या स्पीकरमधून प्लॅस्टिकच्या नळीत सोडायचा, नळीचं तोंड आपल्या तोंडात धरायचं आणि माईकसमोर ओठ बोलल्यासारखे हलवायचे, गिटार बोलायला लागते. त्या मुलानी समजावलं तेव्हा मला खोटं वाटलं, नंतर एका जुन्या फनेलला नळी लावून मी करून पण बघितलं, बायकोनी चार दिवस चेष्टा केली.

तेव्हापासून ह्या माणसाचा मी पिच्छा धरला. आधी जे हाताला लागेल ते, नंतर इंटरनेट आल्यावर पोटभर. म्हणून लिहितोय, कारण साथ ह्या शब्दाचं उत्तर ह्याच्या आयुष्यात आहे असं मला वाटतं.

जन्म 24 जून 1944, लंडनच्या दक्षिणेला वॉलिंग्टनला. लहानपणी रेडिओवर लेस पॉल ह्या अमेरिकन वादकाची गिटार ऐकली आणि डोक्यात बसली. विकत घ्यायला पैसे नाहीत, तर ह्यानी सिगारच्या खोक्यांचं पोट केलं, कुंपणाच्या खांबाची मान केली, खेळण्यातल्या विमानाला बांधायची तार ताणून लावली आणि पडदे म्हणजे फ्रेट चक्क रंगानी रंगवले. रंगवलेल्या पडद्यांवर सूर कसा निघणार, पण पोराला कोण सांगणार. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझा पहिला रेडिओ पण साबणाच्या डबीतच होता. पुढे विम्बल्डनच्या आर्ट स्कूलमध्ये गेला, मग घरं रंगवायचं काम, गोल्फच्या मैदानावर गवत सांभाळायचं काम, गाड्यांना स्प्रे पेंट मारायचं काम. गाड्यांचं वेड काही गेलं नाही. पुढे नाव झाल्यावर सुद्धा मधेच महिनोन् महिने गिटार बाजूला ठेवून जुन्या मोटारी उघडून त्यांच्याखाली आडवा पडलेला असायचा.

मार्च 1965 मध्ये यार्डबर्ड्स ह्या बँडमध्ये आला, गिटारवाला एरिक क्लॅप्टन सोडून गेला त्या जागेवर. आधी जिमी पेज ह्या दुसऱ्या गिटारवाल्याला विचारलं होतं, त्यानी नाही म्हणून ह्याचं नाव सुचवलं. त्याच वर्षी बँडच्या एका रेकॉर्डिंगला सितारवाल्याला बोलावलं होतं पण सितारीचा आवाज त्या गाण्यात नीट बसेना, तेव्हा बेकनी तीच ओळ गिटारवर फझ लावून वाजवली आणि ती रेकॉर्ड इंग्लंडमध्ये खपाच्या यादीत दोन नंबरवर गेली. फझ म्हणजे आम्हा मिस्त्री लोकांच्या दृष्टीनं बिघाडच. ट्रान्झिस्टरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटांचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. दुकानात लोक फाटका आवाज दुरुस्त करायला पैसे द्यायचे, आणि हे लोक मुद्दाम फाडून त्यातून सितारीची झणझण काढायचे.

आता मजा बघा. 1966 च्या शेवटी बँड सुटला आणि 1967 साली ह्याच्याकडून एक हलकंफुलकं गाणं गाऊन घेतलं, हो, गाऊन, त्याच्या स्वतःच्या आवाजात. ते चौदा नंबरपर्यंत चढलं आणि आजतागायत तिकडं लग्नात, फुटबॉलच्या मैदानावर लोक घोळक्यानं ते म्हणतात. बेकला ते जन्मभर आवडलं नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या गिटारवाल्याला रस्त्यावरचा माणूस ओळखतो ते त्यानी नाइलाजानं म्हणलेल्या गाण्यावरून. शब्द लागतात हा रोग काही आमच्या मंडळातच नाहीये.

नंतर स्वतःचा ग्रुप काढला, गायला रॉड स्टुअर्ट आणि बासवर रॉनी वुड. 1969 मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या मोठ्या संगीत महोत्सवात वाजवायचं ठरलेलं आणि त्याच्या थोडं आधी ग्रुप फुटला. त्याच वर्षाअखेरीला गाडीचा अपघात, डोक्याला जबर मार. गायक बदलले, ड्रमर बदलले, ती मधली वर्षं मी फार ऐकत नाही, खरं सांगतो.

मग आलं 1975. बीटल्सच्या रेकॉर्ड ज्यानी केल्या तो जॉर्ज मार्टिन प्रोड्यूसर, आणि गायकच नाही. भांडून काढून टाकला असं नाही, पहिल्यापासून त्याची जागाच ठेवली नाही. अमेरिकेत तो अल्बम चार नंबरवर गेला, दहा लाखांवर खपला. बिनगाण्याचा! माझ्या दुकानात जी आली ती त्याचीच कितवी तरी नक्कल होती. त्याच वर्षी जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राबरोबर दौरा केला. मॅक्लॉफ्लिन म्हणजे तबल्याच्या झाकिरभाईंबरोबर शक्ती हा ग्रुप काढणारा गिटारवाला, तोच. पुढच्या वर्षीच्या 'वायर्ड'मध्ये कीबोर्डवर महाविष्णूमधलाच यान हॅमर. तेव्हा आपल्याकडची हवा त्याला लागली होती असं म्हणायला हरकत नाही, कुणी संगीततज्ज्ञ हसले तर हसोत.

ऐंशीच्या दशकात ह्यानी पिक सोडलं. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. चाळिशीच्या आसपास, नाव झालेलं, आणि ज्या चिपेनं इतकी वर्षं तार छेडली ती बाजूला ठेवून अंगठ्यानी वाजवायचं, म्हणजे सतारियानी मध्येच मिझराब, म्हणजे बोटातली तारेची नखी, काढून ठेवण्यासारखंच की. पण हात मोकळा झाला. अंगठा तारेवर, अनामिका व्हॉल्यूमच्या बटनावर, करंगळी ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या, दांडीवर. तिन्ही एकाच वेळी. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग बटन हळूच उघडायचं, सुरुवातीचा ठोका गायब, सूर कुठून तरी उगवल्यासारखा येतो, व्हायोलिनवर गज ठेवल्यासारखा. मी जन्मभर व्हॉल्यूमचे पॉट बदलले, कार्बनची पट्टी घासली की खरखर करतो म्हणून, पण त्या बटनाला वाद्य म्हणून कुणी वापरेल असं कधी डोक्यात आलं नाही. आणि ती दांडी, ब्रिज स्प्रिंगांवर तरंगत असतो, दांडी दाबली की सगळ्या तारा सैल, सूर उतरतो, ओढली की चढतो. इतर लोक तिनं विमान पाडल्यासारखे आवाज काढतात. हा तिनं मींड काढायचा, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जायचा.

इथं आमच्या गावाचं सांगतो. उस्ताद अमजद अली खाँसाहेब 1945 साली ह्याच ग्वाल्हेरला जन्मले, बेकच्या वर्षभर पाठचे. जिवाजीगंजात त्यांचं वडिलोपार्जित घर, आता सरोद घर म्हणून म्युझियम आहे, आलात तर जरूर बघा. सरोदला पडदे नसतात, गुळगुळीत स्टीलची पट्टी, नखानं तार दाबून सरकत जायचं. गिटारला पडदे, म्हणजे जिना. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडीच मारावी लागते, मधे उभं राहायला जागा नाही. बेकनी काय केलं तर पाय एकाच पायरीवर ठेवून आख्खा जिनाच वर-खाली हलवला. तानसेन समारोहात सरोद, वीणा, सितार ऐकायला आम्ही लोक डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून बसतो, तिथं कुणी विचारतं का की गाणार कोण?

यावर आमच्या मंडळातले एक काका म्हणाले, अरे पण ते वाद्य पण गायकी अंगानीच वाजतं ना, आपल्याकडे वाद्याला शाबासकी द्यायची तर गातंय म्हणतात. बरोबर आहे काका. बेक पण गळ्याकडूनच शिकला. 1989 च्या 'गिटार शॉप' अल्बममध्ये एक तुकडा आहे, त्याची प्रेरणा बल्गेरियातल्या बायकांच्या समूहगायनाची. मी तो पहिल्यांदा हेडफोनवर ऐकला तेव्हा हातात सोल्डरिंग आयर्न होतं, बाजूला ठेवायचं भान राहिलं नाही, प्लॅस्टिकची खुर्ची वितळली. आणि 2001 च्या अल्बममध्ये 'नादिया' आहे. मूळ ब्रिटनमधल्या नितीन साहनी ह्या संगीतकाराचं, 1999 सालचं, आणि त्यात आलाप कुणाचा तर स्वाती नाटेकर ह्यांचा. आपल्या मराठी बाईंचा गळा! त्यातली एकेक मुरकी, एकेक कण ह्या इंग्रज माणसानी साठीच्या जवळ आल्यावर तारेवर उतरवला. मूळ ऐका, मग बेकचं ऐका, श्वास घ्यायच्या जागा सुद्धा सापडतात. तेव्हा गळा मोठा की वाद्य मोठं हे भांडणच नाहीये. सूर गळ्यातून तारेवर आला की तो तिथलाच होतो, मग त्याला परत गायकाच्या मागे नेऊन बसवू नका एवढंच म्हणणं आहे.

आमच्या पोरीनी वाजवलं ते हेच 'नादिया'. आठ महिने घासलं. सुरुवातीला मोबाईलवर स्पीड अर्धा करून एकेक तुकडा. दांडी दाबून सूर उतरवला की परत वर येताना थोडा बेसूर राहायचा, तारा जागेवर येत नव्हत्या. मी नटचे, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीचे, खाचे बघितले, त्यात पेन्सिलचं शिसं भरलं, मागच्या स्प्रिंगांतली एक कमी केली, मग सुधारलं. तिच्या आजीनी, म्हणजे माझ्या आईनी, ह्या आठ महिन्यांत गिटार आहे की काय आहे ते विचारलं नाही, पण एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, ती खालची जागा आज चुकतेय गं. चुकतच होती.

साथ करणं कमीपणाचं आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही, कुणा तबलजीनं गैरसमज करून घेऊ नये. बेकनी स्वतः कितीतरी गायकांच्या रेकॉर्डमध्ये वाजवलंय. पण ती साथ होती आणि हे वादन होतं, दोन्हीला वेगळे शब्द आहेत आणि ते तुमच्या पेपरातच मी लहानपणापासून वाचत आलोय. सरोदवादन, बासरीवादन, व्हायोलिनवादन. गिटार आली की साथ. का? ऑर्केस्ट्रात मागे उभी असते म्हणून? 1985 च्या बेकच्या अल्बममध्ये गाणारे होते, आणि त्याला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं ते त्यातल्या एका बिनशब्दांच्या तुकड्याला. एकूण आठ मिळाली. त्यातलं एक बीटल्सच्या गाण्याला होतं, जे त्यानी शब्द काढून टाकून नुसतं गिटारवर वाजवलेलं. मला त्याचं सगळंच आवडतं असं नाही, नव्वदच्या शेवटी त्यानी कॉम्प्युटरच्या ठेक्यांवर जे केलं ते माझ्या डोक्यावरून गेलं, पुतणीला तेच आवडतं.

10 जानेवारी 2023 ला गेला, मेनिंजायटिस झाला, वय 78. पुतणीनीच सांगितलं, काका तुमचा बेक गेला. 'ब्लो बाय ब्लो'च्या कव्हरवर चित्रात जी गडद तपकिरी गिटार दिसते, ती 2025 च्या जानेवारीत लंडनला लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेली. कुंपणाच्या खांबाची गिटार कुठं गेली कोण जाणे, मला ती बघायला जास्त आवडली असती.

असो, पत्र लांबलं, कापायचं तर सरोदचं ठेवा आणि माझ्या खुर्चीचं कापा. मागणं एवढंच की पुढच्या अंकात कुठल्यातरी कोपऱ्यात एक ओळीची दुरुस्ती टाका, साथ नव्हे, एकल गिटारवादन. मंडळालाही मी वेगळं कळवलंय, त्यांनी पुढच्या वर्षी दहा मिनिटं देतो म्हणून सांगितलंय, बघू. आणि दुरुस्ती छापलीत तर त्या दिवशीच्या कागदी पेपरची एक प्रत पोस्टानी पाठवता आली तर पाठवा, तिकिटाचे पैसे मी भरतो. आईला मोबाईलवरचं बारीक दिसत नाही, आणि आधीच्या बातमीचं कात्रण पाहुण्यांनी नागपूरहून पाठवलेलं तिनी देवघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, त्यावर साथ ह्या शब्दाला पेननी काट मारून.

आपला,
एक जुना रेडिओ मिस्त्री
लष्कर, ग्वाल्हेर